जमनालाल बजाज

जमनालाल बजाज (४ नोव्हेंबर १८८९ – ११ फेब्रुवारी १९४२) हे वर्धा येथील उद्योजक, स्वातंत्र्यसैनिक, समाजसुधारक आणि महात्मा गांधींचे निकटचे सहकारी होते. बजाज उद्योगसमूहाचे ते संस्थापक. १९२० पासून मृत्यूपर्यंत भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे कोषाध्यक्षपद त्यांच्याकडे होते. गांधीजी त्यांना आपला पाचवा पुत्र मानत. विदर्भातील कापसाच्या व्यापारावर वाढलेले वर्धा हे लहानसे शहर १९३० नंतरच्या दशकात राष्ट्रीय चळवळीचे केंद्र बनले, त्यामागे जमनालाल आणि त्यांच्या कुटुंबाचा मोठा वाटा होता. सेवाग्राम, मगनवाडी, पवनार आणि गोपुरी या वर्धा परिसरातील चारही ठिकाणांशी त्यांचे नाव जोडलेले आहे.

पार्श्वभूमी : वर्धा आणि तेथील व्यापारी घराणी

वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढण्यात आला आणि १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वर्धा शहराची आखणी झाली. याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथून इंग्लंडला होणारा कापसाचा पुरवठा तुटला आणि विदर्भातील कापसाला मोठी मागणी आली. पाठोपाठ मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग वर्ध्यावरून गेला. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव आणि वर्धा या ठिकाणी कापसाचे बाजार भरू लागले. जिनिंग व प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले.

या व्यापाराच्या ओढीने राजस्थानातील, विशेषतः शेखावाटी भागातील, अनेक मारवाडी कुटुंबे विदर्भात येऊन स्थायिक झाली. कापसाची खरेदी-विक्री, सावकारी आणि मालगुजारी हे त्यांचे मुख्य व्यवसाय होते. जमिनीचा सारा गोळा करण्याचा हक्क मालगुजाराकडे असल्यामुळे खेड्यापाड्यांवर या घराण्यांचा मोठा प्रभाव असे. शेठ बच्छराज बजाज यांचे घराणे वर्ध्यातील अशाच प्रतिष्ठित घराण्यांपैकी एक होते.

जन्म आणि दत्तकविधान

जमनालाल यांचा जन्म तत्कालीन जयपूर संस्थानातील सीकरजवळ असलेल्या काशी का बास या खेड्यात ४ नोव्हेंबर १८८९ रोजी झाला. वडिलांचे नाव कनीराम आणि आईचे बिरदीबाई. घरची परिस्थिती साधारण होती.

वर्ध्याचे शेठ बच्छराज यांचे दत्तक पुत्र रामधनदास यांचे अकाली निधन झाल्याने घराण्याला वारस उरला नव्हता. बच्छराज आणि त्यांच्या पत्नी सदीबाई राजस्थानात गेले असता त्यांच्या दृष्टीस लहानगा जमनालाल पडला. त्याला नातू म्हणून दत्तक द्यावे, अशी मागणी त्यांनी केली. कनीराम यांनी मुलाच्या मोबदल्यात पैसा घेण्यास नकार दिला. मात्र गावात पाण्याचे दुर्भिक्ष असल्याने शेठजींनी गावासाठी एक विहीर बांधून दिली. अशा रीतीने वयाच्या पाचव्या वर्षाच्या सुमारास जमनालाल वर्ध्याला आले. ज्या गावाने मुलगा दिला त्या गावाला पाणी मिळाले, ही गोष्ट पुढे बजाज कुटुंबात आवर्जून सांगितली जात असे.

शिक्षण आणि तारुण्य

जमनालाल यांचे शालेय शिक्षण वर्ध्यात अवघी चार वर्षे झाले. १८९६ मध्ये ते शाळेत दाखल झाले आणि १९०० मध्ये त्यांनी शाळा सोडली. मराठी त्यांना लहानपणापासून चांगली अवगत होती. इंग्रजीचा परिचय बेताचाच होता. व्यापारी हिशेब आणि माणसे पारखण्याची विद्या ते पेढीवर शिकले.

१९०२ मध्ये त्यांचा विवाह जावरा येथील गिरधारीलाल जाजोदिया यांच्या कन्या जानकीदेवी (जन्म ७ जानेवारी १८९३) यांच्याशी झाला. त्या वेळच्या रूढीप्रमाणे वधू-वर दोघेही बालवयाचे होते.

आजोबांकडून खर्चासाठी मिळणाऱ्या रकमेतून साठवलेले १०० रुपये त्यांनी लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने नागपुरात सुरू होत असलेल्या 'हिंदी केसरी' या पत्रासाठी दिले. सार्वजनिक कार्यासाठी त्यांनी दिलेली ही पहिली देणगी मानली जाते.

संपत्तीचा त्याग करणारे पत्र

जमनालाल सतरा वर्षांचे असताना घरात एक प्रसंग घडला. एका लग्नसमारंभाला जाताना अंगावर दागिने घालण्यावरून बच्छराज त्यांच्यावर रागावले आणि संपत्तीचा उल्लेख करून त्यांना कठोर शब्द बोलले. हे शब्द जमनालाल यांच्या मनाला लागले. त्यांनी आजोबांना एक पत्र लिहिले. त्यात कोणताही आरोप नव्हता. आजोबांच्या संपत्तीवरील आपला सर्व हक्क आपण सोडत आहोत, पुढे कधीही त्यावर दावा सांगणार नाही आणि त्यांच्याविषयी मनात राग नाही, असा त्याचा आशय होता. पत्र ठेवून ते अंगावरच्या कपड्यांनिशी घराबाहेर पडले. पश्चात्ताप झालेल्या बच्छराज यांनी त्यांचा शोध घेऊन समजूत काढली आणि त्यांना परत आणले.

१९०७ मध्ये बच्छराज यांचे निधन झाले आणि सर्व कारभार जमनालाल यांच्याकडे आला. परंतु लिहून दिलेल्या शब्दाचा त्यांना विसर पडला नाही. वारशाने आलेली रक्कम आपली नाही, ती समाजाला व्याजासह परत केली पाहिजे, असे त्यांनी मनाशी ठरवले. पुढे गांधीजींनी मांडलेल्या विश्वस्तवृत्तीच्या विचाराकडे ते ओढले गेले, त्याचे मूळ या प्रसंगात सापडते.

व्यापार आणि उद्योग

कापूस हा जमनालाल यांच्या व्यवसायाचा पाया होता. वर्ध्यातील पेढीचा विस्तार करून त्यांनी मुंबईच्या बाजारपेठेत जम बसवला. १९२६ मध्ये बच्छराज आणि कंपनीची स्थापना झाली. बजाज उद्योगसमूहाचा आरंभ सामान्यतः या वर्षापासून मोजला जातो. १९३१ मध्ये संयुक्त प्रांतातील गोला गोकर्णनाथ येथे हिंदुस्थान शुगर मिल्स हा साखर कारखाना सुरू झाला. १९३७ मध्ये जीवनलाल यांच्या भागीदारीत मुकुंद आयर्न अँड स्टील वर्क्स हा पोलाद उद्योग त्यांच्याकडे आला.

व्यवहारात खोटेपणा चालणार नाही, असा त्यांचा आग्रह असे. सार्वजनिक कामाचा पैसा आणि पेढीचा पैसा यांच्यात ते काटेकोर अंतर ठेवत. अनेक राष्ट्रीय निधींचे हिशेब त्यांच्याकडे विश्वासाने सोपवले गेले, याचे हे एक कारण होते.

ब्रिटिश सरकारनेही आरंभी या तरुण व्यापाऱ्याचा गौरव केला. १९०८ मध्ये त्यांची मानद दंडाधिकारी म्हणून नेमणूक झाली आणि पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांना रायबहादूर हा किताब मिळाला.

शैक्षणिक कार्य

स्वतःला अल्प शिक्षण मिळाल्याची जाणीव असलेल्या जमनालाल यांनी १९१० मध्ये वर्ध्यात मारवाडी विद्यार्थिगृह सुरू केले. पाठोपाठ शाळा निघाली आणि १९१४ मध्ये श्रीकृष्णदास जाजू यांच्या सहकार्याने मारवाडी शिक्षा मंडळाची स्थापना झाली. समाजापुरत्या मर्यादित हेतूने निघालेली ही संस्था लवकरच सर्वांसाठी खुली झाली. तिच्या विद्यालयाचे नाव नवभारत विद्यालय झाले आणि संस्था शिक्षा मंडळ या नावाने ओळखली जाऊ लागली. १९४० मध्ये या संस्थेने वर्ध्यात गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय सुरू केले.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी नवभारत विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगाला केंद्रस्थानी ठेवणाऱ्या मूलोद्योगी शिक्षणाची योजना येथे मांडली गेली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा आराखडा तयार केला. 'वर्धा शिक्षण योजना' किंवा 'नई तालीम' या नावाने ती देशभर गाजली.

मुलींच्या शिक्षणासाठी वर्ध्यात महिलाश्रम उभा राहिला. स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगात गेलेल्या कार्यकर्त्यांच्या पत्नी आणि मुली यांना या संस्थेचा मोठा आधार झाला.

गांधीजींशी संबंध

१९१५ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून भारतात परतले. जमनालाल त्यापूर्वी टिळक, मदनमोहन मालवीय, रवींद्रनाथ ठाकूर आदी अनेक थोर पुरुषांच्या संपर्कात आले होते. विचार आणि आचार यांत अंतर नसलेल्या मार्गदर्शकाचा त्यांना शोध होता. अहमदाबादच्या आश्रमात ते वेळोवेळी जाऊन राहिले आणि गांधीजींचे दैनंदिन जीवन त्यांनी जवळून पाहिले. बोलणे आणि वागणे एकच आहे, अशी खात्री पटल्यावर त्यांनी स्वतःला गांधीजींच्या कार्यात झोकून दिले.

डिसेंबर १९२० मध्ये नागपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब करणाऱ्या या अधिवेशनाचे स्वागताध्यक्ष जमनालाल होते. त्या वेळी त्यांचे वय अवघे ३१ वर्षांचे होते. याच काळात त्यांनी गांधीजींकडे एक मागणी केली. हरिलाल, मणिलाल, रामदास आणि देवदास या चार पुत्रांप्रमाणे आपल्यालाही पुत्र मानावे, अशी ती मागणी होती. लहानपणी वडीलधाऱ्यांनी जमनालाल यांना दत्तक दिले होते. या वेळी त्यांनी स्वतःच पिता निवडला. गांधीजींनी ही मागणी मान्य केली आणि दोघांतील पत्रव्यवहारात हे नाते अखेरपर्यंत दिसत राहिले. हा पत्रव्यवहार पुढे काका कालेलकर यांच्या संपादनाखाली 'पाँचवें पुत्र को बापू के आशीर्वाद' या नावाने हिंदीत प्रसिद्ध झाला.

असहकाराच्या चळवळीत जमनालाल यांनी रायबहादूर किताब सरकारला परत केला आणि मानद दंडाधिकाऱ्याचे पद सोडले. टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी १ लाख रुपये दिले. वकिली सोडून चळवळीत आलेल्यांच्या निर्वाहासाठी ही रक्कम वापरावी, असा त्यांचा उद्देश होता.

साबरमतीसारखा आश्रम वर्ध्यातही असावा, ही त्यांची इच्छा होती. त्यानुसार गांधीजींनी विनोबा भावे यांना वर्ध्याला पाठवले. ८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा वर्ध्यात आले आणि पुढील आयुष्यात वर्धा परिसर हीच त्यांची मुख्य कर्मभूमी राहिली. जमनालाल विनोबांपेक्षा वयाने मोठे असले तरी आध्यात्मिक बाबतीत त्यांना गुरुस्थानी मानत.

स्वातंत्र्यलढ्यातील सहभाग

झेंडा सत्याग्रह

१९२३ मध्ये नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात राष्ट्रीय ध्वज घेऊन मिरवणुकीने जाण्यास सरकारने बंदी घातली. त्याविरुद्ध झालेल्या झेंडा सत्याग्रहाचे नेतृत्व जमनालाल यांच्याकडे होते. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून स्वयंसेवक नागपुरात येऊन अटक करवून घेऊ लागले. जूनमध्ये जमनालाल यांना अटक झाली आणि १८ महिन्यांची कैद व ३,००० रुपये दंडाची शिक्षा झाली. त्यांनी दंड भरला नाही. वसुलीसाठी सरकारने त्यांची मोटार जप्त केली. परंतु लिलावात तिच्यावर बोली लावण्यास नागपुरात कोणी पुढे आले नाही. जमनालाल यांच्या अटकेनंतर वल्लभभाई पटेल यांनी सत्याग्रहाची सूत्रे हाती घेतली. ऑगस्टमध्ये बंदी असलेल्या मार्गाने ध्वजाची मिरवणूक गेली आणि त्यानंतर कैद्यांची मुदतीपूर्वी सुटका झाली.

मिठाचा सत्याग्रह आणि धुळे तुरुंग

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात मुंबईजवळील विलेपार्ले येथे सत्याग्रहींची छावणी उघडण्यात आली. किशोरलाल मशरूवाला यांच्यासह जमनालाल यांनी ती चालवली. एप्रिलमध्येच त्यांना अटक होऊन त्यांची रवानगी नाशिकच्या तुरुंगात झाली. १९३२ मध्ये त्यांना पुन्हा शिक्षा झाली आणि ते धुळे येथील तुरुंगात होते. याच तुरुंगात विनोबांनी फेब्रुवारी ते जून १९३२ या काळात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. 'गीता प्रवचने' या नावाने प्रसिद्ध झालेल्या या प्रवचनांच्या श्रोत्यांमध्ये जमनालाल होते.

जयपूर संस्थानातील चळवळ

ब्रिटिश मुलखातील लढ्याबरोबरच आपल्या जन्मभूमीतील संस्थानी प्रजेच्या हक्कांकडेही जमनालाल यांचे लक्ष होते. १९३८ मध्ये ते जयपूर राज्य प्रजामंडळाचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षअखेरीस संस्थानच्या प्रशासनाने त्यांना राज्यात प्रवेश करण्यास मनाई केली. फेब्रुवारी १९३९ मध्ये त्यांनी ही बंदी मोडली. सुरुवातीला त्यांना हद्दीबाहेर नेऊन सोडण्यात आले. ते पुन्हा परतले, तेव्हा त्यांना अटक करून स्थानबद्ध ठेवण्यात आले. ऑगस्ट १९३९ मध्ये त्यांची सुटका झाली.

वैयक्तिक सत्याग्रह

१७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे विनोबांनी पहिले सत्याग्रही म्हणून वैयक्तिक सत्याग्रहाला आरंभ केला. जमनालाल यांनी डिसेंबरमध्ये सत्याग्रह करून अटक करवून घेतली. नागपूर तुरुंगात त्यांची प्रकृती ढासळली आणि १९४१ मध्ये त्यांना सोडण्यात आले.

अस्पृश्यता निवारण

वर्धा येथील लक्ष्मीनारायण मंदिर बजाज घराण्याने बांधलेले होते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला त्यात प्रवेश नव्हता. महाराष्ट्रात हा काळ जागृतीचा होता. मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह केला होता. वर्ध्याशेजारच्या अमरावतीत अंबादेवी मंदिर खुले व्हावे म्हणून चळवळ सुरू झाली होती.

आपल्याच घराण्याच्या मंदिराला कुलूप ठेवून अस्पृश्यता निवारणाची भाषा करता येणार नाही, अशी जमनालाल यांची भूमिका होती. मंदिर कुटुंबाचे असले तरी त्याचा कारभार विश्वस्तांकडे असल्याने त्यांचे मन वळवणे आवश्यक होते. जुन्या वळणाच्या विश्वस्तांशी आणि ज्ञातिबांधवांशी दीर्घकाळ चर्चा केल्यावर संमती मिळाली आणि जुलै १९२८ मध्ये मंदिर सर्व जातींच्या लोकांसाठी खुले झाले. देशात अशा रीतीने खुल्या झालेल्या आरंभीच्या मंदिरांत त्याची गणना होते. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी सुरू झाला, तर त्रावणकोर संस्थानातील मंदिरे १९३६ मध्ये खुली झाली.

या कृतीची किंमत कुटुंबाला मोजावी लागली. मारवाडी समाजातील सनातनी मंडळींनी त्यांच्यावर बहिष्काराचे अस्त्र उगारले. रोटीबेटीच्या व्यवहारावर चालणाऱ्या व्यापारी समाजात अशा बहिष्काराचा परिणाम मुलामुलींच्या लग्नांपासून पेढीच्या पतीपर्यंत होऊ शकत असे. तरीही जमनालाल मागे हटले नाहीत. आपल्या विहिरी त्यांनी सर्वांसाठी खुल्या केल्या आणि घरच्या स्वयंपाकातही जातिभेद पाळणे बंद केले. १९२९ मध्ये काँग्रेसने नेमलेल्या अस्पृश्यता निवारण समितीचे चिटणीस म्हणून त्यांनी देशभर प्रवास केला.

मंदिरप्रवेशाच्या या मार्गाबद्दल त्या काळात मतभेदही होते. मालकाच्या उदारतेने दार उघडणे आणि नागरिकाच्या हक्काने आत जाणे यांत फरक आहे, हा आंबेडकरी चळवळीचा मुद्दा होता. वर्ध्याच्या घटनेचे मूल्यमापन करताना या दोन्ही बाजू अभ्यासकांनी विचारात घेतल्या आहेत.

वर्धा : राष्ट्रीय चळवळीचे केंद्र

१९३० मध्ये दांडीयात्रेला निघताना स्वराज्य मिळेपर्यंत साबरमतीला परतणार नाही, असा संकल्प गांधीजींनी केला होता. तुरुंगातून सुटल्यावर कोठे राहावे, हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा जमनालाल यांच्या आग्रहाने त्यांनी वर्धा निवडले. नोव्हेंबर १९३३ मध्ये त्यांनी आपला हरिजन दौरा वर्ध्यातूनच सुरू केला.

ग्रामोद्योगांच्या कामासाठी जमनालाल यांनी आपली बाग आणि तेथील घर देऊन टाकले. गांधीजींचे दिवंगत सहकारी मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ या जागेला मगनवाडी हे नाव मिळाले. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि जे. सी. कुमारप्पा यांनी मगनवाडीतून त्याचे काम चालवले. ३० डिसेंबर १९३८ रोजी येथे मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले.

गांधीजींना प्रत्यक्ष खेड्यात राहायचे होते. वर्ध्यापासून सुमारे ८ किलोमीटरवरील शेगाव या खेड्याची बहुतांश मालगुजारी जमनालाल यांच्याकडे होती. गावाला धड रस्ता नव्हता, टपालाची सोय नव्हती आणि हिवतापाचा उपद्रव होता. त्यामुळे गांधीजींनी तेथे राहावे, हे जमनालाल यांना पसंत नव्हते. पण गांधीजींचा निश्चय पाहून त्यांनी जमीन उपलब्ध करून दिली. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावला राहायला गेले. घर स्थानिक साहित्याचे असावे आणि खर्च ५०० रुपयांपेक्षा अधिक होऊ नये, या अटीवर तेथील पहिले निवासस्थान बांधले गेले. ते आज आदिनिवास म्हणून ओळखले जाते. कस्तुरबांना स्वतंत्र जागा असावी म्हणून जमनालाल यांनी बा कुटी बांधवली. शेगाव या नावाच्या दुसऱ्या गावामुळे टपालात घोटाळा होत असल्याने १९४० मध्ये गावाचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले.

धाम नदीच्या काठी पवनार येथे जमनालाल यांचा एक बंगला होता. १९३८ मध्ये प्रकृती खालावलेले विनोबा तेथे राहायला गेले आणि पुढे तेथेच परमधाम आश्रम विकसित झाला.

या काळात वर्ध्यातील बजाजवाडी हे देशभरच्या नेत्यांचे उतरण्याचे ठिकाण बनले. काँग्रेस कार्यकारिणीच्या अनेक बैठका येथे झाल्या. जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, राजेंद्रप्रसाद, मौलाना आझाद, सरोजिनी नायडू, खान अब्दुल गफार खान आदी नेत्यांचा येथे मुक्काम होत असे. पाहुण्यांच्या पथ्यपाण्यापासून त्यांच्या कौटुंबिक अडचणींपर्यंत जमनालाल स्वतः लक्ष घालत.

खादी, हिंदी आणि इतर कार्य

काँग्रेसने स्थापन केलेल्या अखिल भारतीय खादी मंडळाचे जमनालाल अध्यक्ष होते. १९२५ मध्ये चरखा संघ स्थापन झाल्यावर त्याचे कोषाध्यक्षपद त्यांच्याकडे आले. गांधीविचाराने काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या निर्वाहासाठी निघालेल्या गांधी सेवा संघाच्या उभारणीतही त्यांचा पुढाकार होता. चांगले साहित्य अल्प किमतीत मिळावे म्हणून १९२५ मध्ये अजमेर येथे स्थापन झालेल्या सस्ता साहित्य मंडळाला त्यांचे पाठबळ होते.

हिंदी ही देशाला जोडणारी भाषा व्हावी, असे त्यांचे मत होते. दक्षिण भारतातील हिंदी प्रचारासाठी त्यांनी साहाय्य केले. १९३६ मध्ये वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली आणि १९३७ मध्ये मद्रास येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

कौटुंबिक जीवन

जानकीदेवी यांनी पतीच्या बरोबरीने सार्वजनिक जीवनात भाग घेतला. एका श्रीमंत मारवाडी घराण्यातील सुनेने पडदा सोडणे, सोन्याचे दागिने उतरवणे आणि खादी वापरणे ही त्या काळात मोठी क्रांती होती. घरातील विदेशी कपड्यांची होळी करण्यात आली. पुढे त्यांनीही तुरुंगवास भोगला.

या दांपत्याला कमला, कमलनयन, मदालसा, उमा आणि रामकृष्ण ही पाच अपत्ये झाली. मुलांना बड्या घरच्या थाटात वाढवण्याऐवजी आश्रमाच्या शिस्तीत वाढवण्यावर जमनालाल यांचा भर होता. कमला यांचा विवाह १९२६ मध्ये साबरमती आश्रमात अत्यंत साधेपणाने झाला. मदालसा यांचे शिक्षण विनोबांच्या सहवासात झाले. त्यांचे पती श्रीमन्नारायण अर्थतज्ज्ञ होते आणि पुढे गुजरातचे राज्यपाल झाले.

जमनालाल नियमित दैनंदिनी लिहीत. स्वतःच्या रागाची, आसक्तीची आणि मोहाची नोंद ते निःसंकोचपणे करत. सार्वजनिक यश मिळत असतानाही चित्तशुद्धी साधत नसल्याची खंत त्यांनी गांधीजी आणि विनोबा यांच्यापाशी अनेकदा व्यक्त केली. त्यांचे चरित्रकार हरिभाऊ उपाध्याय यांनी त्यांना श्रेयार्थी म्हटले, ते याच अर्थाने.

गोसेवा आणि अखेरचे दिवस

तुरुंगातून सुटल्यावर १९४१ मध्ये जमनालाल यांना राजकारणाच्या धकाधकीतून बाहेर पडून एखादे शांत, विधायक काम करण्याची ओढ लागली. मनःशांतीच्या शोधात ते आनंदमयी माँ यांच्या सहवासातही राहिले. गांधीजींनी त्यांना गोसेवेचे काम सुचवले. सप्टेंबर १९४१ मध्ये गोसेवा संघाची स्थापना झाली. गाईंच्या जातींची सुधारणा, शुद्ध दुधाचा पुरवठा, चाऱ्याची सोय आणि मेलेल्या जनावरांच्या कातड्याचा उपयोग असा या कामाचा व्यावहारिक आराखडा होता. वर्ध्याजवळील नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकर मृत जनावरांच्या चामड्याचा उद्योग आधीपासून चालवत होते.

वर्धा आणि नालवाडी यांच्या दरम्यान गोपुरी येथे जमनालाल यांनी एक साधी झोपडी बांधली. प्रशस्त घर सोडून ते तेथे राहू लागले. फेब्रुवारी १९४२ च्या आरंभी वर्ध्यात गोसेवा परिषद भरली. त्यानंतर काही दिवसांतच, ११ फेब्रुवारी १९४२ रोजी, मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे वर्ध्यात आकस्मिक निधन झाले. त्या वेळी ते ५२ वर्षांचे होते. वार्ता कळताच गांधीजी सेवाग्रामहून आले. गोपुरी येथे अंत्यसंस्कार झाले. त्याच महिन्यात गांधीजींनी जमनालाल यांच्या स्नेह्यांना वर्ध्यात बोलावून त्यांची अपुरी राहिलेली कामे वाटून घेण्यास सांगितले. जानकीदेवी यांनी आपली संपत्ती गोसेवेसाठी अर्पण करून संघाची जबाबदारी स्वीकारली.

पाच महिन्यांनी, १४ जुलै १९४२ रोजी, वर्ध्यात भरलेल्या काँग्रेस कार्यकारिणीने 'भारत छोडो' चळवळीचा पाया घालणारा ठराव संमत केला. ज्या शहराला जमनालाल यांनी हे स्थान मिळवून दिले, तेथील हा प्रसंग पाहण्यास ते हयात नव्हते.

वारसा

जानकीदेवी यांना १९५६ मध्ये पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. भूदान आणि कूपदान या चळवळींत त्यांनी काम केले. २१ मे १९७९ रोजी त्यांचे निधन झाले. ज्येष्ठ पुत्र कमलनयन बजाज १९५७ ते १९७१ या काळात वर्धा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. त्यांनी आणि रामकृष्ण बजाज यांनी उद्योगसमूहाचा विस्तार केला. कमलनयन यांचे पुत्र राहुल बजाज (१९३८–२०२२) यांच्या नेतृत्वाखाली बजाज ऑटो ही कंपनी दुचाकी वाहनांच्या उत्पादनात अग्रेसर ठरली.

जमनालाल यांच्या स्मरणार्थ भारतीय टपाल खात्याने ४ नोव्हेंबर १९७० रोजी तिकीट काढले. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था १९६५ पासून कार्यरत आहे. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या जमनालाल बजाज प्रतिष्ठानातर्फे विधायक कार्य, ग्रामविकासासाठी विज्ञान आणि महिला व बालकल्याण या क्षेत्रांतील कार्यकर्त्यांना दरवर्षी पुरस्कार दिले जातात.

गोपुरी येथे १९८० मध्ये गीताई मंदिर उभारण्यात आले. त्याला छप्पर नाही आणि आत मूर्ती नाही. विनोबांनी केलेल्या गीतेच्या मराठी समश्लोकी अनुवादाचे अठराही अध्याय उभ्या शिलांवर कोरलेले असून या शिलांची मांडणी गाय आणि चरखा यांच्या आकृतीत केलेली आहे. ज्या परिसरात जमनालाल यांनी आयुष्याचे अखेरचे महिने झोपडीत काढले, तेथेच हे स्मारक आहे.